संख्यापद्धतीचा पाया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गणित आणि संगणकशास्त्र शिकवताना द्विमान पद्धतीचा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा, धडा आला, की वर्गात दरवर्षी जवळपास तेच प्रश्न उभे राहतात, आणि पुढे घरी पालकही तेच विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांसाठी शक्य तेथे २३१ ही संख्या घेतली आहे, कारण कोल्हापूरचा एसटीडी क्रमांक ०२३१ असल्याने ती येथे प्रत्येकाच्या तोंडात आहे. त्या क्रमांकातले सुरुवातीचे शून्य दूरध्वनीसाठी आवश्यक आहे. संख्या म्हणून त्याला काहीच किंमत नाही, आणि हा भेदही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

संख्यापद्धतीचा ‘पाया’ म्हणजे नेमके काय?

शेतात तोडून टाकलेले २३१ ऊस आहेत आणि ते मोजायचे आहेत, असे समजा. आपण दहा-दहा उसांची एक मोळी बांधतो, अशा दहा मोळ्यांचा एक ढीग रचतो, आणि शेवटी दोन ढीग, तीन मोळ्या व एक सुटा ऊस उरतो. २, ३, १ हे अंक म्हणजे या बांधणीची नोंद आहे. किती नग झाले की वरच्या मापात जायचे, हा जो ठराव, तोच पाया. घातांकाच्या धड्यात १०² मधील १० ला आपण पाया म्हणतो, आणि २३१ = २ × १०² + ३ × १० + १ असे विस्तारित रूप लिहिले की हा तोच पाया असल्याचे दिसते. अंकाची दर्शनी किंमत त्याच्या आकृतीत असते, तर स्थानिक किंमत तो कोठे बसला आहे यावर ठरते.

आता तेच ऊस आठ-आठच्या मोळ्यांत बांधले आणि आठ मोळ्यांचा एक ढीग केला, तर तीन ढीग, चार मोळ्या आणि सात सुटे ऊस होतील, कारण ३ × ६४ + ४ × ८ + ७ = २३१. आठच्या पायात ही संख्या ३४७ अशी लिहिली जाते. ऊस मात्र तेवढेच राहतात.

म्हणजे पाया बदलल्याने संख्या बदलत नाही?

बदलत नाही, बदलते ते तिचे लेखन. संख्या आणि तिचे लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्याने होतो. २३१ ही विषम आहे, ती ३ × ७ × ११ आहे, आणि तेवढे ऊस तीन गाड्यांत समान वाटता येतात; या गोष्टी कोणत्याही पायात खऱ्याच राहतात. ‘शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर संख्या सम’ ही कसोटी मात्र दहाच्या पायाची आहे. तीनच्या पायात २३१ चे लेखन २२१२० असे होते. शेवटी शून्य आहे, तरीही संख्या विषमच. तेथे ते शून्य केवळ एवढेच सांगते, की संख्येला तीनने भाग जातो.

अंकांची बेरीज करून नऊची विभाज्यता तपासण्याची कसोटीही अशीच आहे. दहापेक्षा एकाने लहान असणे, एवढेच नऊचे त्यातले भाग्य. सोळाच्या पायात तो मान पंधराला मिळतो आणि आठच्या पायात सातला.

‘१०’ हे लेखन दर वेळी दहाच का नव्हे?

कारण ‘१०’ याचा अर्थ ‘एक मोळी आणि सुटे काही नाही’ एवढाच आहे, आणि मोळी केवढी ते पाया ठरवतो. दोनच्या पायात ‘१०’ म्हणजे दोन, आठच्या पायात आठ, सोळाच्या पायात सोळा. त्यामुळे दहाखेरीज अन्य पायात त्याला ‘दहा’ म्हणू नये, ‘एक-शून्य’ असे वाचावे. ‘दहा’ हे संख्येचे नाव आहे, त्या लेखनाचे नव्हे. वर्गात ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण ती पाळली नाही तर पुढे हातच्याची बेरीज करताना विद्यार्थी अडखळतात. द्विमानात एक अधिक एक केले की स्थानात शून्य लिहावे लागते आणि हातचा एक पुढच्या स्थानात जातो. पद्धत पहिलीत शिकलेलीच, हातचा फक्त लवकर येतो.

आपला पाया दहाच का?

दोन्ही हातांची बोटे दहा, हे नेहमीचे उत्तर आहे आणि ते पुरेसे आहे. गणिताच्या दृष्टीने दहामध्ये विशेष असे काही नाही. त्याला दोन आणि पाच यांनीच भाग जातो. बाराला दोन, तीन, चार आणि सहा या चौघांनी जातो, म्हणूनच केळी आणि अंडी आजही डझनावर विकली जातात. अंगठ्याने त्याच हाताच्या चार बोटांची पेरे मोजली तर बारा भरतात, तेव्हा बोटांनी दहाचाच निकाल दिला असे म्हणतानाही थोडे सावध राहावे.

मराठीने दहाचा पाया घेतला, पण इतर पायांच्या खुणाही ठेवल्या. वीस नगांना ‘कोडी’ म्हणतात, आणि पाच कोड्यांचे शंभर होतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनली आहेत, म्हणजे लेखनात २ आणि ९, तर बोलण्यात ‘एक कमी तीस’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’ऐवजी ‘वीस दोन’ असे वाचन सुचवल्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वाद भाषेचा होता, पण त्यामागची अडचण खरी होती: संख्येचे लेखन डावीकडून उजवीकडे जाते, आणि ‘बावीस’मध्ये आधी दोन ऐकू येतात, मग वीस.

लाख-कोटींची पद्धत वेगळ्या पायाची आहे का?

नाही. हजारानंतर आपण दोन-दोन स्थानांनी स्वल्पविराम देतो आणि नवी नावे वापरतो. पाया दहाच राहतो.

शेर, मापटे, चिपटे यांचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा, आणि विद्यार्थ्यांना द्विमान पद्धत शिकवण्याचा याहून सोपा मार्ग प्रस्तुत लेखकाला सापडलेला नाही. ज्यांच्या घरात जुनी धान्याची मापे अजून माळ्यावर आहेत, त्यांनी ती काढून पाहावीत. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. पुढे चार शेरांची पायली. मापांचे प्रत्यक्ष आकार गावोगाव थोडे निराळे असत, पण दुपटीची ही साखळी बहुतेक ठिकाणी हीच. प्रत्येक माप खालच्या मापाच्या दुप्पट असल्याने, प्रत्येकी एकच भांडे हाताशी असले तरी एका शेरापर्यंतचे कोणतेही पूर्ण निळव्यांतले धान्य मोजता येते. अकरा निळवी ज्वारी हवी असेल तर एक मापटे (आठ), चिपटे नको, एक कोळवे (दोन) आणि एक निळवे. मोठ्या मापापासून ‘घेतले’ला १ आणि ‘घेतले नाही’ला ० लिहीत गेलो तर १०११ मिळते. हेच अकराचे द्विमान लेखन आहे. सून-सासूने जात्याशेजारी बसून कधी शून्य-एक लिहिले नसेल, पण कोणते भांडे भरायचे आणि कोणते वगळायचे, हा निर्णय तोच होता.

रुपया-आण्यांचा हिशेब याहून रोचक आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असत. जुन्या वह्यांत चार आण्यांसाठी म्हणजे पावलीसाठी उभी रेघ आणि एका आण्यासाठी आडवी किंवा तिरपी रेघ ओढत. सात आणे म्हणजे एक उभी रेघ आणि तीन आडव्या, अकरा आणे म्हणजे दोन उभ्या आणि तीन आडव्या. कोणत्याही प्रकारच्या रेघा तीनहून अधिक होत नाहीत, कारण चार आडव्यांची एक उभी होते आणि चार उभ्यांचा एक रुपया. हा सरळसरळ चारचा पाया आहे. चारच्या पायात सात म्हणजे १३ आणि अकरा म्हणजे २३. फरक एवढाच, की येथे स्थान जागेने न दाखवता रेघेच्या दिशेने दाखवले आहे, त्यामुळे रिकाम्या स्थानासाठी शून्याची गरज पडत नाही.

एकाच मोजणीत वेगवेगळे पाये असू शकतात का?

असू शकतात, आणि त्याला मिश्र पाया म्हणावे. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, जुन्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा मासांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. पहिल्या स्थानाचा पाया आठ, दुसऱ्याचा बारा. (आज बोलण्यातला तोळा बहुधा दहा ग्रॅमचा असतो, आणि जुना सुमारे ११.६६ ग्रॅमचा, दर विचारताना हा फरक विसरू नये.) जमिनीच्या मोजणीत सोळा आण्यांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पिकांची ‘आणेवारी’ कागदोपत्री ‘पैसेवारी’ होऊन गेली, सोळाच्या जागी शंभर आले, तरी गावात अजून आणेवारी हाच शब्द चालतो.

घड्याळातले साठ बाबिलोनियातून आले. तेथे साठचा पाया वापरत, आणि फार काळ रिकाम्या स्थानासाठी चिन्ह नसल्याने एकच लेखन एक किंवा साठ असे दोन्ही वाचता येई. पंचांगातही साठच आहे: अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. घटका म्हणजे २४ मिनिटे आणि पळ म्हणजे २४ सेकंद, त्यामुळे पंचांगातली घटका-पळे तासांत आणताना दोन मिश्र पायांमध्ये रूपांतर करावे लागते.

संगणकाने दोनचाच पाया का घेतला?

कारण दोनच अवस्था ओळखणे यंत्राला सर्वांत सोपे आणि कमी चुकीचे असते. विजेचा दाब कमी की जास्त, एवढाच प्रश्न विचारला, तर थोडाफार गोंगाट मिसळूनही उत्तर चुकत नाही. तोच दाब दहा पायऱ्यांत वाचायचा असेल तर शेजारच्या दोन पायऱ्यांत घोटाळा होण्याची शक्यता वाढते. इचलकरंजीच्या वाचकांना जेकार्ड माग ठाऊक असेल: पुठ्ठ्यावर भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर उचलला जात नाही. संगणकाची स्मृतीही अशाच ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची रांग आहे.

दशमान संख्या द्विमानात कशी लिहावी?

दोनने भागत जावे आणि बाक्या लिहून ठेवाव्यात. २३१ ला दोनने भागले की ११५ आणि बाकी १. ११५ चे ५७, बाकी १. ५७ चे २८, बाकी १. २८ चे १४, बाकी ०. १४ चे ७, बाकी ०. ७ चे ३, बाकी १. ३ चा १, बाकी १. १ चे ०, बाकी १. बाक्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या की १११००१११ मिळते. पडताळा म्हणून १२८ + ६४ + ३२ + ४ + २ + १ करून पाहावे. बाक्या उलट्या का वाचायच्या, हे विद्यार्थी पाठ करतात पण समजून घेत नाहीत. पहिली बाकी म्हणजे मोळी बांधताना उरलेला सुटा नग, म्हणून ती एककाच्या स्थानी, सर्वांत उजवीकडे जाते.

मग सोळाचा पाया कशासाठी, आणि त्यात अक्षरे का येतात?

द्विमान लेखन माणसाला लांबलचक पडते आणि वाचताना डोळा चुकतो. सोळा म्हणजे दोनचा चौथा घात असल्याने चार द्विमान अंकांचा एक षोडशमान अंक होतो, मधे कोणताही भागाकार लागत नाही. ०००० पासून ११११ पर्यंत अशी सोळा लेखने होतात, आणि त्यांच्यासाठी सोळा वेगवेगळे अंक हवेत. नऊनंतर आपल्याकडे चिन्हे नाहीत, म्हणून दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे घेतली. ती येथे अक्षरे नसून अंकच आहेत. १११००१११ या लेखनाचे १११० आणि ०१११ असे दोन तुकडे केले तर १४ आणि ७, म्हणजे २३१ चे लेखन ‘ई७’ होते. अष्टमानासाठी उजवीकडून तीन-तीनचे गट करावेत: ११, १००, १११, म्हणजे ३४७. वर उसांच्या मोळ्यांनी हेच आले होते.

देवनागरीलाही संगणकात षोडशमान क्रमांक आहेत. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक ०९१५ आहे. तो नऊशे पंधरा म्हणून वाचू नये. ९ × २५६ + १ × १६ + ५, म्हणजे दशमानात २३२५. मराठीला प्रिय असलेला ‘ळ’ ०९३३ वर, म्हणजे २३५५ वर आहे.

संगणकाच्या हिशेबात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ का येत नाही?

हा प्रश्न बहुधा कार्यालयात हिशेबाची फाइल सांभाळणारे विचारतात. एखादा अपूर्णांक दशांशचिन्हानंतर कोठे तरी थांबतो की अखंड चालतो, हे पायावर अवलंबून असते. संक्षिप्त रूपातील छेदाचे मूळ अवयव पायाच्या मूळ अवयवांपैकीच असतील तर तो थांबतो. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच, म्हणून एक तृतीयांश ०.३३३… असा चालत राहतो. बाराच्या पायात तोच ०.४ असा एका अंकात संपतो, पण तेथे एक पंचमांश संपत नाही. दोनच्या पायात छेद फक्त दोनचा घात असेल तरच सुटका होते. एक दशांशाच्या छेदात पाच आहे, म्हणून द्विमानात तो ०.०००११००११००११… असा अखंड चालतो, आणि संगणकाला तो कोठे तरी तोडावाच लागतो. त्या तोडण्यातून नेहमीच्या गणनयंत्रणेत सतराव्या दशांशस्थळी ४ हा अनाहूत अंक उगवतो. उपाय साधा आहे: पैशांचा हिशेब रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवावा.

याच नियमाने आण्यांच्या रुपयाची एक जमेची बाजू दिसते. रुपयाच्या १९२ पै, आणि १९२ मध्ये तीनचा अवयव आहे, म्हणून तीन भावांत रुपया वाटला तर प्रत्येकाला नेमके पाच आणे चार पै मिळत. शंभर पैशांचा रुपया तिघांत कधीच नीट वाटता येत नाही. उलट पाच भावांना जुना रुपया सतावत असे, आणि नवा प्रत्येकाला वीस पैसे देऊन मोकळा होतो.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकात ५९.६ जीबी का दाखवतो? दुकानदाराने फसवले का?

साधारणपणे नाही. बनवणारा एक जीबी म्हणजे १०⁹ बाइट धरतो, आणि संगणकाची प्रणाली अनेकदा २³⁰ म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ६४ अब्जांना त्या संख्येने भागले की ५९.६ येतात. एकाच नावाची दोन मापे आहेत, जशी तोळ्याची.

द्विमान पद्धत पिंगलाने शोधली, हे खरे का?

अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे इतके चांगले आहे की उरलेले ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू आणि गुरू अशा दोनच चिन्हांनी वृत्तांचे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची रीत आहे. तीन अक्षरांचे आठ गण, म्हणजे दोनचा तिसरा घात. त्यांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न. एखाद्या क्रमांकाचा गण कोणता, हे काढण्याचा नियम असा: संख्या सम असेल तर निम्मी करून लघू लिहावा, विषम असेल तर एक मिळवून निम्मी करावी आणि गुरू लिहावा. सहावा गण हवा असेल, तर सहा सम म्हणून लघू, उरले तीन. तीन विषम म्हणून गुरू, उरले दोन. दोन सम म्हणून लघू. लघू-गुरू-लघू, म्हणजे ज गण. वर २३१ साठी केलेल्या भागाकाराशी हे ताडून पाहावे; एकापासून मोजणी सुरू केल्यामुळे आलेला किरकोळ फरक वगळता कृती तीच आहे. मात्र पिंगल या चिन्हांनी वृत्ते मोजत होता, बेरीज-वजाबाकी करत नव्हता. संख्या म्हणून द्विमान अंकगणिताचे विवेचन लायब्निट्सने १७०३ साली प्रसिद्ध केले.

शाळेत पाठ केलेले ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्रही येथे पुन्हा म्हणून पाहावे. त्यातील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. दहा अक्षरांत आठही गण, आणि एकही दोनदा नाही. लघूला ० आणि गुरूला १ लिहिले तर ०१११०१०००१ ही रांग होते, आणि तिच्यात तीन अंकी आठही द्विमान लेखने एकेकदा सापडतात.

कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक कोणत्याही पायात चालतो का?

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेला हा स्थिरांक दहाच्या पायातल्या लेखनाचा आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हे पुन्हा पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. २३१० पासून निघालो तर ३२१० − ०१२३ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. येथे आपण संख्येशी नव्हे, तिच्या अंकांशी खेळत आहोत, म्हणून पाया बदलला की निकाल बदलणारच.

तरी त्यामागची घडण टिकून राहते. तीन अंकी संख्यांसाठी दशमानात ४९५ येते: मधला अंक पायापेक्षा एकाने लहान, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही तेवढीच. सोळाच्या पायात त्याच जागी ‘७एफ८’ येते, आणि एफ म्हणजे पंधरा. आठच्या पायात ३७४. तेथवर पोहोचण्यासाठी कोल्हापूरच्या वाचकांना फार लांब जावे लागत नाही: २३१ चे अष्टमान लेखन ३४७ आहे, त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ७४३ होतात, आणि हातचे दहाऐवजी आठचे घेऊन ७४३ मधून ३४७ वजा केले की पहिल्याच पायरीला ३७४ मिळते.